केसाळ अळी ओळखायची तर आधी झाड ओळखा

ही केसाळ अळी कोणती, असं विचारत तुम्ही पाठवलेला फोटो छान आहे, पण अळीच्या नावाआधी मला ती ज्यावर होती त्या झाडाचं नाव हवं. पिवळी फुलं, फुगीर शेंगा, वाळल्यावर आत बिया वाजतात? मग ते खुळखुळा नावाचं झुडूप. पावसाळ्यात मराठवाड्यातल्या माळांवर, बांधांवर तो सहज सापडतो. त्याच्या हिरव्या शेंगा पोखरणारी, काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे, मधे नारिंगी ठिपके आणि तुरळक केस असलेली अळी बहुतेक अर्जिना नावाच्या पतंगाची असते.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- नुसत्या रंगावर नाव ठरवणं. कात टाकली की अळीचं रूप बदलतं.
- वरून एकच फोटो काढणं. बाजूचा, डोक्याचा, खाल्लेल्या पानाचाही घ्या.
- केसाळ दिसली की सोयाबीनवरची कीड समजून चिरडणं. हे तर कृपा करून नकोच.

हात लावू नका, काही अळ्यांचे केस कातडीत रुतून खाज सुटते. रुतलेच तर चोळू नका, चिकटपट्टीने उचला.

खात्री हवी असेल तर अळी पाळा. जाळीच्या झाकणाचा डबा, रोज त्याच झाडाची ताजी डहाळी, एवढं पुरतं. पतंग बाहेर आला की ओळख खूप सोपी होते. शास्त्रीय नावांच्या खोलात सध्या जाऊ नका. आधी त्या झाडाच्या पानांचा आणि शेंगांचा फोटो काढा.