धार्मिक वातावरणात राहून नास्तिक असल्याचं उघड सांगावं का?

सांगावं, पण एकदम सगळ्यांना नाही. ज्यांनी तुमचं वागणं वर्षानुवर्षं पाहिलंय अशा दोघा-तिघांपासून सुरुवात करा. अडचण देवाची कमी आणि भरवशाची जास्त असते. मानसशास्त्रज्ञ विल जर्वेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रयोगांतून दाखवलं की नास्तिकांबद्दलच्या पूर्वग्रहाच्या मुळाशी प्रामुख्याने ‘याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?’ ही शंका असते. २०१७ मध्ये त्यांनीच १३ देशांत अभ्यास केला, तेव्हा नास्तिकांना अनैतिक समजण्याचा कल खुद्द नास्तिकांमध्येही सापडला (म्हणजे घरच्यांवर फार चिडण्यात अर्थ नाही). आपल्या आसपास नास्तिक बरेच आहेत असं वाटलं की हा अविश्वास कमी होतो, असंही जर्वेस यांच्याच कामातून दिसलंय. म्हणून ओळखीच्या, सचोटीच्या माणसाने सांगितलेलं पचतं. सांगताना ‘मी देव मानत नाही’ एवढंच बोला. तुमचा देव खोटा कसा, हा वाद त्याच दिवशी काढू नका. तिथे बहुतेकांचं बिनसतं.

मात्र शिक्षण, पैसा किंवा राहण्याची सोय घरच्यांच्या हातात असेल, किंवा तुमच्या देशात धर्मत्याग वा ईशनिंदा हा गुन्हा असेल, तर थांबा. कुठलाही धर्म न मानण्याच्या हक्कालाही संरक्षण आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९३ मध्ये स्पष्ट केलंय खरं, पण ते दाखवून कोणी घरात राहू देत नाही. आधी स्वतःच्या पायावर उभे राहा, मग बोला.