मुलाच्या हवाई तळावर पाहुणा म्हणून जाताना

नमस्कार हवालदारसाहेब,

आपण विचारले आहे की, पायदळातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, मुलगा हवाई दलात सार्जंट असून सध्या लोहगावला आहे, त्याच्या युनिटने कुटुंबीयांसाठी एक दिवस ठरवला आहे आणि त्याने आपल्याला बोलावले आहे. तेव्हा पदके लावून जावे का, फोन नेता येतो का, आणि विमानांतले काहीच कळत नसल्यामुळे मुलाला चारचौघांत खाली पाहावे लागेल असे काही आपल्या हातून घडणार नाही ना. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्यासाठी हे उत्तर लांबले आहे, कारण मी स्वतः वीस वर्षे मिग-२१ वर इंजिन फिटर होतो, विमानांतले आपल्याला सगळे कळते अशा समजुतीत मुलाच्या तळावर गेलो आणि नेमका तिथेच चुकलो.

आधी प्रवेशाचे सांगतो. तळाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. घरे, शाळा, कँटीन हा डोमेस्टिक एरिया आणि हँगर, विमाने, धावपट्टी हा टेक्निकल एरिया. माजी सैनिकाचे ओळखपत्र आपल्याला फार तर पहिल्या भागातल्या कँटीनपर्यंत नेईल. दुसऱ्या भागात शिरायला युनिटची परवानगी लागते आणि ती मुलाने आपल्या नावाने आधी मागितलेली असते, म्हणजे आत आपण जे काही कराल त्याची जबाबदारी त्याच्या सहीवर असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. नाव, नाते, ओळखपत्राचा क्रमांक, गाडी नेणार असाल तर गाडीचा क्रमांक, हे सगळे त्याला आठवडाभर आधी कळवा आणि आयत्या वेळी चुलतभाऊ किंवा शेजारी बरोबर घेऊ नका.

फोन घरीच ठेवा. गार्डरूममध्ये जमा करता येतो, पण तिथली रांग आणि नंतरची शोधाशोध टळलेली बरी. फोनला जोडलेले मनगटी घड्याळही त्यातच आले. फाटकावर वेळ लागला तर चिडू नका. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोटच्या तळावर हल्ला झाला, त्यात जे सात जवान कामी आले त्यांतले पाच डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे होते. या कोअरमध्ये बहुतेक आपल्यासारखेच पेन्शन घेऊन पुन्हा वर्दी चढवलेले लोक असतात. फाटकावर आपली पिशवी उलटीपालटी करणारा माणूस कदाचित आपल्याच रेजिमेंटचा निघेल. निघाला तरी त्याने सवलत द्यावी अशी अपेक्षा धरू नका.

पदकांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. परेडला, हुतात्म्यांना मानवंदना देताना, १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनाला ती जरूर लावावीत. मुलाच्या कामाच्या जागी लावू नयेत, आणि याचे कारण नम्रता वगैरे नसून अगदी साधे यांत्रिक कारण आहे. चालू इंजिन समोरची हवा जोराने आत ओढते आणि हवेबरोबर जे सुटे असेल तेही ओढते. खडा, खिळा, पेनचे टोपण, केसांची पिन, पदकाची सैल झालेली टाचणी, असे काहीही आत फिरणाऱ्या पात्यांचे नुकसान करू शकते. अशा वस्तूंना आमच्यात फॉड म्हणतात आणि रोज सकाळी माणसे ओळीने खाली मान घालून चालत सगळे आवार फॉडसाठी वेचतात. सुखोईच्या हवा घेणाऱ्या तोंडात जमिनीवर असताना जाळी वर येते, मिग-२१ ला तेही नव्हते. पण जाळी आहे म्हणून कोणी निष्काळजी राहत नाही. म्हणून टोपी नको, वरच्या खिशात पेन नको, तळव्याला खिळे असलेले बूट नकोत. कानात श्रवणयंत्र लावत असाल (पायदळातल्या अनेकांचे कान गोळीबाराने गेलेले असतात) तर मुलाला आधी सांगून ठेवा, म्हणजे ते केव्हा काढायचे हे तो ठरवील. एखादे इंजिन चालवून दाखवणार असतील तर कानांवर लावायला मफ देतात. ते लाजेखातर नाकारू नका.

आता माझी चूक. माझा मुलगा तेव्हा उत्तरेकडच्या एका तळावर, फर्स्ट लाइनला, म्हणजे रोजच्या उड्डाणांआधीची आणि नंतरची तपासणी करणाऱ्या तुकडीत होता. आमच्या इंजिन फिटरच्या कामाला आता प्रॉपल्शन फिटर म्हणतात. त्याच्या बाहीवर तीन पट्टे होते आणि मी निवृत्त झालो तेव्हा माझ्याही बाहीवर तेवढेच होते, त्यामुळे आपण बरोबरीचे आहोत असे मला उगाच वाटत होते. विमानाकडे चालत जाताना काँक्रीटच्या दोन फरशांमधल्या सांध्यात मला काहीतरी चमकताना दिसले. वाकून पाहिले तर लॉकिंग वायरचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, टोकाला अजून पीळ असलेला. नट सैल होऊ नये म्हणून त्यातून ही बारीक तार ओवतात आणि पीळ देऊन जादा टोक कापून टाकतात. ते कापलेले टोक होते. माझी नजर अजून शाबूत आहे याचा मला अभिमान वाटला आणि वीस वर्षांच्या सवयीने मी तो तुकडा खिशात टाकला.

मुलगा थांबला. "बाबा, ते मला द्या," तो हळू आवाजात म्हणाला. मी म्हटले, अरे, आत गेल्यावर टाकतो. "आत्ताच द्या." हात पुढे केलेलाच होता. मी तुकडा काढून दिला. त्याने तो कागदात गुंडाळला, एका कॉर्पोरलला बोलावले, सकाळी त्या जागेवर कोणते विमान उभे होते आणि त्यावर तार कोणी बांधली हे विचारले, त्या माणसाची हत्यारांची पिशवी पुन्हा मोजायला लावली आणि हे सगळे होईपर्यंत मी व आमच्या घरातली मंडळी पंधरा मिनिटे एका बाजूला उभे राहिलो. सापडलेली वस्तू कुठून आली याचा माग लागल्याशिवाय ती सापडली असे होत नाही, हा नियम माझ्याही वेळी होता. मीच तो नव्या पोरांना शिकवला होता. फक्त त्या दिवशी मी फिटर नव्हतो, मुलाचा बाप होतो, आणि बापाच्या खिशाला कोण विचारणार असे मी गृहीत धरले होते. त्याच्या हाताखालच्या दोन पोरांनी हा प्रसंग पाहिला. त्यांच्यासमोर त्याला माझ्यामुळे मान खाली घालावी लागली नाही. मी तुकडा दिला नसता तर घालावी लागली असती.

आपली अडचण माझ्या नेमकी उलट आहे आणि म्हणून ती सोपी आहे. विमानांतले कळत नाही म्हणता, पण आपल्याला कोत, म्हणजे पलटणीचे शस्त्रागार, माहीत आहे. रायफल मोजून बाहेर आणि मोजून आत, नोंदवहीत नंबर, सही, आणि एक जरी कमी भरली तरी सगळी कंपनी जागेवर उभी. हँगरमध्ये आपल्याला हत्यारांचा फळा दिसेल, ज्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते; पाना उचलला की त्या जागी स्वतःच्या नावाचा बिल्ला अडकवायचा, म्हणजे कोणते हत्यार कोणाकडे आहे हे लांबूनही कळते. एखाद्या आकृतीवर पानाही नाही आणि बिल्लाही नाही, अशी जागा दिसली तर विमान उडत नाही. त्या फळ्यासमोर उभे राहून मुलाला सांगा की हा तुमचा कोत आहे. विमानाच्या वेगापेक्षा त्याला हे वाक्य जास्त आवडेल, याची मी हमी देतो.

तसे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सुखोई-३० एमकेआय हवाई दलात पहिल्यांदा दाखल झाले ते २००२ साली लोहगावलाच. जवळून ते अंगावर येते: लांबी जवळपास २२ मीटर, दोन इंजिने, आणि पूर्ण भारासह उडताना वजन ३८ टनांच्या पुढे. त्यासमोर माझे मिग म्हणजे सुमारे १५ मीटरची एका इंजिनाची सुरी. ते २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला सेवेतून बाहेर पडले, त्यामुळे माझे ज्ञान आता संग्रहालयातच कामाला येईल.

काय विचारू नये हे आपल्याला सांगायची गरज नसावी, तरी मीच घसरलो होतो म्हणून सांगतो. किती विमाने आहेत, कोणते अस्त्र कुठे लागते, २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, तुम्ही काय केलेत, हे प्रश्न मुलाला नाही म्हणायला लावतात, आणि वडिलांना नाही म्हणणे आपल्या घरांत अजून कठीणच जाते. मी देखभालीच्या नोंदींचा विषय काढला. आमच्या वेळी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, प्रत्येक ट्रेडची (कामाच्या शाखेची) सही झाल्यावर शेवटी वैमानिक सही करून विमान ताब्यात घेत असे. आता बऱ्याच नोंदी संगणकावर होतात. मुलगा बोलत बोलत सहज दोन पावले सरकला आणि संगणकाचा पडदा व मी यांच्यामध्ये उभा राहिला. तो नाही म्हणाला नाही. मला समजायचे ते समजले आणि मी विचारले की रात्रीच्या उड्डाणांच्या आठवड्यात जेवण किती वाजता होते. त्यावर तो अर्धा तास बोलला, थंडीत बोटे बधिर झाल्यावर तार कशी पिळतात तेही करून दाखवले.

एक राहिले. आपण साताऱ्याकडचे आहात तेव्हा कंदी पेढे नेणारच, पण डबा स्वतः घेऊन फाटकावर जाऊ नका. आदल्या दिवशी मुलाच्या घरी द्या, तो क्रू रूममध्ये पोचवील. दोन किलो तरी न्या, कारण दुसऱ्या पाळीची माणसे दुपारी येतात.