नाशिकच्या कोर्टात वादात सापडलेला वकील पुढे न्यायाधीश होऊ शकतो का?

हो. नुसत्या वादामुळे दार बंद होत नाही. वकिलातून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला ७ वर्षांची वकिली लागते (राज्यघटनेचं कलम २३३), उच्च न्यायालयासाठी १० (कलम २१७). खरी अडचण येते चारित्र्य पडताळणीत. प्रलंबित गुन्हा अर्जात लपवला, तर मूळ प्रकरण किरकोळ असूनही निवड जाऊ शकते. म्हणून सगळं लिहा, निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रतही जोडा.

उच्च न्यायालयाचं वेगळं. तिथे कॉलेजियम (ज्येष्ठ न्यायाधीशांचा गट) शिफारस करतं आणि उमेदवार योग्य आहे की नाही, यात कोर्ट सहसा पडत नाही. मद्रास उच्च न्यायालयावरच्या व्हिक्टोरिया गौरींच्या नेमणुकीविरुद्धची याचिका २०२३ मध्ये याच मुद्द्यावर फेटाळली गेली. पात्रताच नसेल तर मात्र सुटका नाही: १९९२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयावरची के. एन. श्रीवास्तव यांची नेमणूक शपथविधीआधीच रद्द झाली.