बर्फात उभं विमान : वाचकांचे प्रश्न, उत्तरं

नागपुरात बर्फ पडत नाही, पण नागपूरकर बर्फातून उडतात आणि काहींची मुलं बर्फात उभी राहून विमानं सांभाळतात. या वेळी आलेले प्रश्न त्यांचेच आहेत.

शिकागोहून निघताना विमानावर आधी नारिंगी, मग हिरवं पाणी फवारलं. रांगेत तासभर गेला आणि कॅप्टनने विमान पुन्हा फवारणीला नेलं. आमचं पुढचं विमान चुकलं. धुतलेलं विमान परत का धुवायचं? (धरमपेठ)

तुमचा मनस्ताप समजतो, पण कॅप्टनने अगदी योग्य केलं. नारिंगी द्रव म्हणजे गरम ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) आणि पाणी. तो साचलेला बर्फ काढतो, मात्र त्याचं संरक्षण थोडाच वेळ टिकतं. हिरवा द्रव दाट असतो. तो पंखावर थर धरतो, वरून पडणारा बर्फ स्वतःत विरघळवून घेतो आणि उड्डाणाच्या धावेत वाऱ्याने निघून जातो. किती बर्फ पचवेल याला मर्यादा आहे. तापमान आणि बर्फाचा जोर बघून तक्त्यातून त्याची मुदत काढतात, तिला होल्डओव्हर टाइम म्हणतात. बर्फ पडतच असेल आणि मुदत उलटली, तर आधीच्या फवारणीवर विसंबता येत नाही.

२२ मार्च १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर यूएसएअरचं एक विमान शेवटच्या फवारणीनंतर सुमारे ३५ मिनिटांनी धावलं. तेवढ्या वेळात पंखावर पुन्हा बर्फ धरला होता. ५१ पैकी २७ जण गेले. पॉलिश पेपरइतका खरखरीत थरही पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो. म्हणून पंख फवारणीच्या वेळी नव्हे, उड्डाणाच्या क्षणी स्वच्छ हवा.

मुलगा टोरंटोच्या विमानतळावर सामान चढवण्याच्या कामाला लागलाय. थंडीचीच काळजी करायची की आणखी कशाची? (मनीषनगर)

ताई, थंडीपेक्षा मला निसरड्या जमिनीची काळजी जास्त वाटते. बर्फावर चाकाखाली अडकवलेले ठोकळे (चॉक) सरकतात, विमान ढकलणाऱ्या टगची चाकं जागच्या जागी फिरतात. त्यात जॅकेटची टोपी डोक्यावर आणि कानांवर मफ, म्हणजे बाजूचं दिसत नाही, मागचं ऐकू येत नाही. विमानाच्या पोटाखालचा आणि पाठीवरचा लाल दिवा लुकलुकत असेल तोवर इंजिनाजवळ जायचंच नाही, हे त्याला रोज सांगा. सुरू इंजिन माणसाला आत ओढतं आणि घसरलेल्या पायाला सावरायला वेळ मिळत नाही.

दुसरं, इंधन. जेट इंधन उणे ४० अंशांपर्यंत तरी गोठत नाही, त्यामुळे उणे वीसच्या थंडीतही ते द्रवच असतं. हातमोजा त्यात भिजला तर लगेच बदलायचा, नाहीतर बोटं गोठतात.

आणि कॅनडात धोकादायक काम नाकारण्याचा हक्क कायद्यानेच कामगाराला दिलाय. नवीन पोरं संकोचतात. त्याने संकोच करू नये, हे घरून कळलेलं बरं.

रस्त्यावर मीठ टाकतात, धावपट्टीवर का नाही? (महाल)

मिठाने विमानाचे धातूचे भाग गंजतात. त्याऐवजी पोटॅशियम ॲसिटेट किंवा फॉर्मेट वापरतात, आणि खरी मदार फिरत्या ब्रशांवर आणि बर्फ ढकलणाऱ्या पात्यांवर असते.

श्रीनगरला बर्फ थांबला, ऊन पडलं, तरी परतीचं विमान रद्द. ही टाळाटाळ नाही का? (प्रतापनगर)

तुमच्या विमानाचं नेमकं कारण इथून सांगता येणार नाही, पण ऊन पडलं म्हणजे धावपट्टी तयार झाली असं नसतं. तिचे तीन भाग करून प्रत्येकाला ६ ते ० असा गुण देतात. ६ म्हणजे कोरडी, ० म्हणजे उतरूच नका. नोव्हेंबर २०२१पासून जगभर हीच पद्धत आहे. त्यानंतर टॅक्सीवे (धावपट्टीपर्यंत जायचे रस्ते), पार्किंग आणि विमानाचे पंख साफ व्हायचे असतात. वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठतं, ते वेगळंच.

मी विमान देखभालीचा विद्यार्थी आहे, मिहानमध्ये (नागपूर विमानतळाजवळच्या औद्योगिक क्षेत्रात) काम करायचंय. नागपुरात बर्फाचं हे शिकून काय उपयोग? (सोमलवाडा)

खूप उपयोग. उंचावरून लांबचा पल्ला मारून आलेल्या विमानाच्या पंखात गारठलेलं इंधन उरलेलं असतं. बाहेर शून्याच्या वर तापमान असलं, तरी दमट हवेत त्या पंखावर गोठलेलं दहिवर किंवा काचेसारखा पारदर्शक बर्फ धरू शकतो. स्टॉकहोमला २७ डिसेंबर १९९१ रोजी नेमकं हेच झालं. रात्रभर उभ्या विमानाच्या पंखावरचा पारदर्शक बर्फ सकाळच्या तपासणीत सुटला. उड्डाण होताच तो तुटून शेपटीकडच्या दोन्ही इंजिनांत गेला आणि दोन्ही बंद पडली. विमान शेतात उतरवावं लागलं, त्याचे तुकडे झाले, तरी सगळे १२९ जण वाचले.

हा बर्फ डोळ्यांना दिसत नाही. पंख ओला वाटतो, एवढंच. त्यामुळे शिडी लावून, पंखाच्या मुळाशी, टाकीच्या वरच्या पत्र्यावर हात फिरवून बघायचं असतं. कुठल्या विमानात नेमकं कुठे बघायचं ते त्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ती पानं आत्तापासून वाचायला घे.