खेळ-सवाल: पोरीनं क्रिकेट सोडावं की फुटबॉल?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मानेवाड्याला राहतो, मुलगी 13 वर्षांची आहे. सकाळी क्रिकेटला जाते अन् संध्याकाळी फुटबॉल, दोन्हीकडे चांगली खेळून राहिली. पण आता क्रिकेटचे सर म्हणतात फुटबॉल बंद करा, पाय मोडला तर सगळं गेलं, अन् फुटबॉलचे सर म्हणतात दोन डगरींवर पाय ठेवू नका. पोरगी रडून राहिली. खरंच कोणी दोन-दोन खेळ वरच्या लेव्हलवर खेळतं का, की आम्हीच तिचं नुकसान करून राहिलो?

उत्तर: ताई, आधी पोरीला जवळ घेऊन सांगा की आज काहीच सोडायचं नाहीये. मला हे पत्र वाचून खूप वाईट वाटलं, कारण मी स्वतः बारा वर्षांची असताना खो-खो आणि धावणं दोन्ही करायची आणि एका सरांच्या शब्दावर खो-खो सोडला, ते अजून मनात आहे.

खेळतात का, तर हो, आणि नेमके हेच दोन खेळ. ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी 2007 मध्ये 16 वर्षांची होती आणि दोन आठवड्यांच्या आत देशाकडून क्रिकेटही खेळली आणि फुटबॉलही. 2011 च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलमध्ये स्वीडनविरुद्ध तिनं गोल केलाय, आणि क्रिकेटचा वर्ल्ड कप तर तिनं जिंकलाय. पुढे तारखा जुळेनात तेव्हा ती हळूहळू क्रिकेटकडेच राहिली, पण तोवर तिची विशी उलटली होती, तेरावं वर्ष नव्हतं हे लक्षात घ्या. आपली क्रिकेटर जेमिमा रॉड्रिग्स, तिचंही तसंच, लहानपणी महाराष्ट्राकडून हॉकी खेळलेली पोरगी आहे ती.

जुनं उदाहरण सांगते, मला फार आवडतं. मद्रासचे एम. जे. गोपालन, 1934 मध्ये रणजी ट्रॉफीचा अगदी पहिला बॉल त्यांनी टाकला, आणि हॉकीतही भारताकडून खेळायचे. 1936 साली एकाच उन्हाळ्यात क्रिकेट टीमचा इंग्लंड दौरा आणि बर्लिन ऑलिंपिक आलं. त्यांनी क्रिकेट निवडलं. इंग्लंडमध्ये एकही टेस्ट खेळायला मिळाली नाही आणि तिकडे ध्यानचंदची टीम गोल्ड घेऊन आली. म्हणजे निवड करायची वेळ येतेच, पण ती तारखा आणतात, कोणाचा धाक नाही. तुमच्याकडेही शालेय स्पर्धांच्या तारखा कधीतरी एकमेकींवर येतील, तेव्हा पोरीलाच विचारा कुठे जायचंय, आणि ती काय म्हणते ते दरवेळी वहीत लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांत उत्तर त्या वहीतच दिसेल.

आता दुखापतीचं. सरांची काळजी खोटी नाहीये, फुटबॉलमध्ये मुलींच्या गुडघ्याच्या लिगामेंटला मुलांपेक्षा जास्त धोका असतो, म्हणून खेळायच्या आधी 15-20 मिनिटं उडी मारून नीट उतरणं, एका पायावर तोल, मांडीचे व्यायाम हे रोज पाहिजेच. पण एकच खेळ धरला की धोका संपतो असं नाही, उलट वाढत्या वयात बारा महिने फक्त बॉलिंग टाकली तर पाठीचं तेच हाड रोज तोच मार खातं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाच आहे की बहुतेक खेळांत 15-16 वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका. जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ वेगळे, तिथं लवकर ठरवावं लागतं.

मला खरी काळजी वाटते ती तासांची. खेळाचे डॉक्टर एक साधा हिशोब सांगतात, आठवड्याचे प्रॅक्टिसचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. तुमची मुलगी सकाळी दीड आणि संध्याकाळी दीड असं सहा दिवस करत असेल तर 18 तास झाले, आणि वय 13. म्हणजे दोन खेळ जास्त नाही होत आहेत, प्रॅक्टिस जास्त होतेय. तीन दिवस क्रिकेट, तीन दिवस फुटबॉल आणि रविवारी पूर्ण सुट्टी असं करून बघा, आणि मे महिन्यात 45 डिग्रीत दोन वेळा ग्राउंडवर तर नकोच नको. दोन्ही सरांना एकत्र बसवून हे बोला, वेगवेगळं भेटाल तर दोघंही आपापलंच सांगतील.

प्रश्न: ताई, मी 19 वर्षांचा आहे, शाळेत खो-खो खेळलो, आता दुसरा खेळ सुरू करायचा विचार आहे पण मित्र म्हणतात लेट झाला बे. खरंच झाला का?

उत्तर: नाही झाला रे. आपला उमेश यादव घे, खापरखेड्याकडचा पोट्टा, विशी गाठेपर्यंत टेनिस बॉलनं खेळायचा, पोलीस भरतीच्या मागं होता, आणि 2008 मध्ये विदर्भाकडून रणजी, 2011 मध्ये टेस्ट. खेळ तोच म्हणशील तू, पण लेदर बॉलची शिस्त वेगळीच असते.

फक्त आपल्याजवळ काय आहे आणि ते कुठे चालेल हे बघ. ब्रिटनची रिबेका रोमेरो, 2004 ला रोइंगमध्ये सिल्व्हर, आणि 2008 ला सायकलिंगमध्ये गोल्ड. दम आणि पायातली ताकद तीच होती, ती नव्या खेळात घेऊन आली. याउलट मायकेल जॉर्डन, बास्केटबॉलचा बादशाह, 1994 मध्ये बेसबॉलच्या खालच्या लीगमध्ये खेळला तर ॲव्हरेज 0.202 आलं, म्हणजे पाचातून एखादाच हिट. पळण्यात कमी नव्हता, 30 बेस चोरले त्यानं, म्हणजे बॉल मारला नसतानाच पळून पुढचा टप्पा गाठला, पण वळणारा बॉल ओळखायची नजर लहानपणापासून घडते, ती ताकदीनं येत नाही. तुझ्याकडे खो-खोचा झटका आहे, वाकून दिशा बदलणं आहे, कबड्डीत हे लगेच कामी येईल, ॲथलेटिक्सही बघ. टेनिस-बॅडमिंटन मजेसाठी खेळ, पण त्यावर करिअरचं गणित मांडू नको.

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटर एबी डिव्हिलियर्स हॉकी, फुटबॉल, रग्बी, स्विमिंग, सगळ्यात नॅशनल लेव्हलला होता असा मेसेज फिरतो, खरं आहे का?

उत्तर: नाही हो. त्यातलं बरंचसं खोटं आहे हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. पोरांना खरी उदाहरणं सांगा ना, कितीतरी आहेत. आपला क्रिकेटर युझवेंद्र चहल बुद्धिबळात ज्युनियर वर्ल्ड स्पर्धेत भारताकडून खेळलाय. चुनी गोस्वामींनी 1962 मध्ये जकार्ता एशियाडला भारताला फुटबॉलचं गोल्ड कॅप्टन म्हणून मिळवून दिलं आणि नंतर 1971-72 मध्ये बंगालची टीम रणजी फायनलपर्यंत नेली. आणि चेक रिपब्लिकची एस्टर लेडेका, 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंग आणि स्नोबोर्ड दोन्हीत गोल्ड, त्यातलं स्कीइंगचं 0.01 सेकंदानं.