दुखणं थांबलंय, पण एमआरआय अजून ‘क्लीन’ नाही. धावायला सुरुवात करू की तिसरा स्कॅन काढू?

तुमची अडचण मला समजली ती अशी: वय १९, शर्यत ४०० मीटरची. सात आठवड्यांपूर्वी सरावात मांडीच्या मागे कळ आली आणि तुम्ही लंगडत ट्रॅकबाहेर गेलात. एमआरआयमध्ये ‘बायसेप्स फेमोरिस, ग्रेड २’ असं आलं, म्हणजे मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंपैकी एक अर्धवट फाटलेला. आता जिना, उठाबशा, जॉगिंग, कशानेच दुखत नाही. तरी गेल्या आठवड्यातल्या दुसऱ्या एमआरआयमध्ये त्याच जागी सिग्नल दिसतोय, आणि तुमचे सर म्हणतात की रिपोर्ट क्लीन आल्याशिवाय स्पाइक्स घालायचे नाहीत. महिन्याभराने तिसरा काढावा का, असं तुम्ही विचारलंय.

काढू नका. त्या पैशांत चांगल्या फिजिओकडे काही वेळा जाऊन या. मी स्वतः फिजिओ आहे आणि धावपटूंबरोबरच काम करतो, त्यामुळे स्वतःच्या पोळीवर तूप ओढतोय असं वाटेल. वाटू दे.

स्नायूची दुखापत एमआरआयच्या ज्या चित्रांवरून वाचतात, त्यांत चरबीचा उजेड मुद्दाम दाबलेला असतो, त्यामुळे पाणी पांढरं उठून दिसतं. तंतू तुटले की तिथे रक्त आणि सूज जमते, तीच ती पांढरी जागा. पण तंतू सांधले, ताकद परत आली, तरी ही ओल लगेच जात नाही. नव्या गिलाव्याची भिंत वरून टणक लागते आणि आत कितीतरी दिवस ओली असते, तसंच. नेदरलँड्समधल्या एका गटाने २०१४ मध्ये अशा ५३ खेळाडूंचे एमआरआय प्रसिद्ध केले, जे तपासणीत बरे ठरून खेळायला परतत होते. त्यांतल्या ४७ जणांच्या स्नायूत सिग्नल तेव्हाही होता. तुमच्या सरांचा नियम लावला असता तर ५३ पैकी सहाच जण मैदानात उतरले असते!

त्याच गटाने पुन्हा दुखापत कोणाला होते हेही पाहिलं. धोका वाढवणाऱ्या गोष्टी अगदी साध्या निघाल्या: आधी किती वेळा हॅमस्ट्रिंग गेली आहे, परतल्यावर त्या जागी बोटाने दाबल्यावर दुखतं का, गुडघा सरळ करताना तो पाय दुसऱ्यापेक्षा कमी उघडतो का, आणि ताकदीत फरक उरलाय का. एमआरआयमधल्या कुठल्याही खुणेचा त्या यादीत समावेश नव्हता.

मग पहिला एमआरआय वाया गेला का? मुळीच नाही. दुखापत नेमकी कुठे आहे, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. किती दिवस लागतील, हे मात्र त्याला फारसं विचारू नये. दोहाच्या आस्पेटार रुग्णालयात १८० खेळाडूंवर हा हिशेब झाला. नुसती विचारपूस आणि हाताने केलेली तपासणी यांवरून परतीच्या दिवसांतला २९ टक्के फरक समजत होता. एमआरआयची माहिती मिळवल्यावर त्यात भर पडली जेमतेम २.८ टक्क्यांची. युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या आकड्यांतही ग्रेड १ ला सरासरी १७ दिवस आणि ग्रेड २ ला २२ दिवस आले, पण दोन्हींत दहा-अकरा दिवस इकडे-तिकडे. म्हणजे ग्रेड १ चा एखादा खेळाडू ग्रेड २ वाल्याच्या नंतर परतू शकतो, आणि परततोही.

शिवाय ‘ग्रेड २’ म्हणजे कोणाचा ग्रेड २? जुन्या पद्धतीत तीनच ग्रेड होते. ब्रिटिश ॲथलेटिक्सच्या २०१४ च्या वर्गीकरणात ० ते ४ आकडे आहेत आणि पुढे ए, बी, सी अक्षरं. ए म्हणजे इजा स्नायूच्या कडेला, आवरणापाशी. बी म्हणजे स्नायू आणि टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर) जिथे मिळतात तिथे. सी म्हणजे थेट टेंडनमध्ये. बायसेप्स फेमोरिसचा टेंडन स्नायूच्या आत बराच खोलवर गेलेला असतो, त्यामुळे हाडापासून लांब, मांडीच्या मधोमध दुखणाऱ्यालाही टेंडनची इजा असू शकते. ब्रिटिश धावपटूंमध्ये सी वाल्यांना परतायला जास्त वेळ लागला आणि पुन्हा दुखापतही जास्त झाली. दोहामध्ये मात्र हा फरक साधारण आठवडा-दीड आठवड्याचाच दिसला. माझा कल ब्रिटिशांकडे आहे, कारण त्यांचे खेळाडू तुमच्यासारखेच ट्रॅकवरचे होते आणि पूर्ण वेगाची मागणी तिथे जास्त असते.

तेव्हा आकडा सोडा आणि पहिल्या रिपोर्टातलं वर्णन पुन्हा वाचा. टेंडनचा उल्लेख आहे का? फाटलेली लांबी किती सेंटिमीटर? बसताना ज्या हाडावर आपला भार येतो, त्या हाडापासून इजा किती अंतरावर आहे? जितकी जवळ, तितका वेळ जास्त.

उसेन बोल्टचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं. १ जुलै २०१६ ला जमैकाच्या निवड स्पर्धेतून तो ग्रेड १ म्हणून बाहेर पडला. तीन आठवड्यांनी लंडनमध्ये २०० मीटर १९.८९ सेकंदांत धावला आणि ऑगस्टमध्ये रिओत तीन सुवर्णं घेतली. पुढच्या वर्षी लंडनच्या विश्व स्पर्धेत, कारकिर्दीच्या अखेरच्या रिलेत, तो ट्रॅकवरच कोसळला. संघाच्या डॉक्टरांनी आधी क्रॅम्प म्हटलं आणि लोक तर नाटक म्हणायला लागले. शेवटी वैतागून त्याने स्वतःच ट्विटरवर निदान जाहीर केलं: डाव्या बायसेप्स फेमोरिसची, वरच्या बाजूला स्नायू-टेंडनच्या जोडावर फाट, टोक थोडं मागे सरकलेलं, तीन महिने पुनर्वसन. त्यात ग्रेडचा आकडा नव्हता, पण जागा पूर्ण सांगितलेली होती. रिपोर्ट असा वाचायचा असतो.

परत स्कॅन कधी काढावा तेही सांगतो. व्यायाम वाढवताना नवीन, तीक्ष्ण कळ आली, बसण्याच्या हाडापाशी दुखायला लागलं किंवा ताकद येता येता अचानक घसरली, तर जरूर काढा. कळ कमरेतून खाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर मांडीचा नको, कमरेचा विचार करा. मांडीचा एमआरआय कोरा आणि मांडी मात्र दुखतेय, अशा केसमध्ये मुळाशी कंबर निघणं काही विरळा नाही. आणि हे वाचणारे कोणी शाळकरी मुलांचे पालक असतील तर: १४ ते १८ वयात स्नायूऐवजी हाडाचा तुकडाच टेंडनबरोबर उखडू शकतो. धावताना ‘कट्’ आवाज आला आणि मुलाला बसवत नसेल तर आधी साधा एक्स-रे काढा.

सोनोग्राफीचं विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. स्वस्त आहे, स्नायू हलवत बघता येतो, साचलेलं रक्त चांगलं दिसतं. पण हात कोणाचा यावर सगळं अवलंबून, आणि वरच्या हाडाजवळचा खोल भाग तीत नीट दिसत नाही.

आता सरांना रिपोर्टऐवजी काय दाखवायचं? पालथं झोपून आणि उताणं झोपून, दोन्ही पायांची ताकद यंत्रावर मोजून घ्या. फरक दहा टक्क्यांच्या आत हवा, आणि गुडघा जवळजवळ सरळ असतानाची ताकद विशेष बघायला सांगा, कारण पाऊल टेकण्याच्या आधी हॅमस्ट्रिंग ताणलेली असतानाच फाटते. दाबल्यावर दुखता कामा नये. मग आस्कलिंगची एच-टेस्ट: उताणं झोपून, गुडघा सरळ ठेवून पाय जितक्या झटक्याने वर नेता येईल तितका न्यायचा. त्यात मनात जराही ‘पुन्हा जाईल’ असं आलं तर अजून थांबा. ही टेस्ट शेवटी करायची, आज घरी करून बघू नका.

हे जमलं की सरळ पट्टीवर ७० टक्के वेगापासून सुरुवात, प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी कशी आहे ते बघून पुढची. वळण त्यानंतर, कारण तिथे दोन पायांवरचा भार सारखा नसतो. ब्लॉकमधून स्टार्ट आणि ३०० मीटरनंतरचं थकलेलं धावणं सगळ्यात शेवटी. नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, कोणीतरी घोटे धरलेले असताना अंग हळूहळू पुढे झुकवायचं) या सगळ्यात चालू ठेवा आणि बरं वाटलं म्हणून पहिल्या शर्यतीनंतर बंद करू नका. पुन्हा होणाऱ्या दुखापती बहुतेक त्याच जागी आणि परतल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होतात.

पहिला रिपोर्ट घेऊनच फिजिओकडे जा. दुसरा घरी ठेवलात तरी चालेल.