डॉक्टर न होता कॅन्सरवर काम?

प्रश्न : मुलगी रत्नागिरीत मायक्रोबायॉलॉजी शिकते. तिला रोगप्रतिकारक पेशी आणि कॅन्सर यांवर संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, डॉक्टर नाही तर कॅन्सरचं काय करणार, जन्म उंदरांत जाईल! – एक आई, देवगड

उत्तर : ताई, जाऊ द्या उंदरांत! मी सावंतवाडीत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून मनापासून सांगतो. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन पीएचडी, डॉक्टर नव्हेत. त्यांची आई लिम्फोमाने, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरने गेली तेव्हा ते लहान होते. टी-पेशी म्हणजे एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी; त्यांच्यावरचा सीटीएलए-४ हा रेणू त्या पेशींना ब्रेक लावतो. ॲलिसन यांनी प्रतिपिंडाने (अँटीबॉडीने) तो ब्रेक सोडवला आणि उंदरांमधल्या गाठी विरल्या. हे १९९६ मध्ये छापून आलं. त्यावरच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळायला मात्र २०११ उजाडलं, आणि २०१८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ तासुकु होंजो यांच्यासह ॲलिसन यांना नोबेल. मधली पंधरा वर्षं लेकीला जरूर सांगा; या कामाला तेवढा दम लागतोच.

आणि हे फक्त परदेशातलं नाही हो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या कॅन्सरवरच्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून परत देतात. टाटांचं संशोधन केंद्र खारघरला आहे, आपल्याकडून जाताना पनवेलच्या थोडं पुढे.

आधी एमएस्सी, मग नेट-जेआरएफ ही संशोधनाच्या विद्यावेतनासाठीची परीक्षा. ती पास झाली की विद्यावेतन मिळतं, पीएचडीचा भार घरावर पडत नाही. घरच्यांना हेच आधी सांगा. आणि तिला आतापासून संख्याशास्त्र पक्कं करायला लावा. आपल्याकडची मुलं तिथेच अडतात.